वहिवाट, निगा आणि नोंद : सिंधुदुर्गातील रानवाटांचा इतिहास

सह्याद्रीची धार आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या सिंधुदुर्गाच्या चिंचोळ्या पट्टीचा इतिहास बहुधा बंदरांच्या आणि किल्ल्यांच्या आधाराने सांगितला जातो; परंतु ज्या वाटांनी मालवण, वेंगुर्ले, देवगड ही बंदरे घाटमाथ्याशी जोडली गेली आणि ज्यांच्यापैकी कित्येक आज शासकीय वनाच्या हद्दीत आहेत, त्या वाटांचा इतिहासही तितकाच मोलाचा आहे. वनातील वाट कोणासाठी, कोणत्या वाहनासाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर खुली असावी, हा प्रश्न चारचाकी जीप आल्यानंतर जन्मला असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः तो बैलांच्या तांड्यांपासून चालत आलेला असून, त्याची आजवर दिली गेलेली उत्तरे तपासल्याशिवाय आजचे उत्तर सापडणे कठीण आहे.

मालवणी मुलखात वाटेला एकच नाव नाही. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे किंवा कुंपण घातलेली अरुंद वाट म्हणजे पाणंद, दगडी पायऱ्या बांधून काढलेली ती पाखाडी, डोंगर चढून पलीकडच्या गावात उतरणारी ती घाटी, आणि बैलगाडी जाण्याइतकी रुंद ती गाडीवाट. मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा, आडवा आला तर त्यावर लाकडाचा किंवा दगडाचा साकव घातलेला असतो. या प्रत्येक नावात वाटेची रुंदी, तिचा उपयोग आणि तिच्या डागडुजीची रीत सामावलेली आहे. अशा वाटा तीन आधारांवर टिकून राहतात : पहिला आधार वहिवाटीचा, म्हणजे अखंड वापराचा व त्यातून उपजणाऱ्या हक्काचा, दुसरा निगेचा, आणि तिसरा सरकारी कागदावरील नोंदीचा. सिंधुदुर्गातील रानवाटांचा इतिहास हा या तीन आधारांची एकमेकांपासून कसकशी फारकत होत गेली, याचा इतिहास आहे.

तांडे आणि घाट

सतराव्या शतकात वेंगुर्ले हे डच व्यापाऱ्यांचे ठाणे होते; १६३७च्या सुमारास त्यांनी तेथे वखार घातली आणि आदिलशाही मुलखाशी चालणारा त्यांचा व्यवहार घाटवाटांवरच अवलंबून राहिला. वेंगुर्ल्याहून निघणारी प्रमुख वाट रामघाटाने चंदगडच्या बाजूला चढून बेळगावकडे जात असे. मालवण आणि देवगडकडचा माल फोंडा घाटाने राधानगरी व कोल्हापूरकडे जाई, तर उत्तरेस करूळ आणि भुईबावडा या वाटा गगनबावड्याला पोहोचत. यांखेरीज हनुमंत घाटासारख्या कितीतरी आडवाटा रांगणा, मनोहर आणि मनसंतोष या किल्ल्यांच्या आसऱ्याने वर चढत. शिवकाळात पारगडासारखा किल्ला याच टापूत उभारला गेला, त्यामागे घाटवाटांवर नजर ठेवण्याचा हेतू स्पष्ट दिसतो.

या वाटांवरून माल वाहिला जाई तो पाठीवर गोणी लादलेल्या बैलांनी. वंजारी आणि लमाण यांचे तांडे मीठ, सुकी मासळी, नारळ आणि सुपारी घेऊन वर जात आणि धान्य, गूळ, तंबाखू व मिरची घेऊन खाली उतरत. लादलेल्या बैलाला चाकासारखी सपाटी लागत नाही. त्याला लागतो तो पाय ठरेल असा दगड, मुक्कामाच्या जागी पाणी आणि चारा. त्यामुळे तांड्याच्या वाटेची निगा म्हणजे घसरलेले दगड पुन्हा बसवणे, वाढलेल्या झाडोऱ्याची बेणणी करणे आणि पाणवठा स्वच्छ ठेवणे एवढीच असे. या कामाचा काही भाग घाटाखालच्या गावांकडून वेठीने, म्हणजे सक्तीने व बिनमोल, करवून घेतला जाई आणि हे विसरून जुन्या गावव्यवस्थेचे गोडवे गाणे योग्य होणार नाही. तरीही वाट कोणाची आणि ती कोणी साफ करायची, याविषयी संदिग्धता नव्हती, एवढे खरे.

गावाच्या आतल्या वाटांना धर्माचाही आधार होता. सिंधुदुर्गातील गावऱ्हाटीत, म्हणजे ग्रामदेवता आणि मानकरी यांच्याभोवती उभ्या असलेल्या गावकारभारात, देवाच्या पालखीची आणि तरंगांची वाट ठरलेली असते. तरंग म्हणजे उंच काठीला वस्त्रे गुंडाळून सजवलेली देवतेची चिन्हे. दसरा आणि शिमगा या सणांना ती वाट मोकळी असावीच लागते. देवगड तालुक्यातील कुणकेश्वर येथे महाशिवरात्रीच्या यात्रेत गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रात तीर्थस्नानासाठी येतात आणि त्यांच्याबरोबर चालणारे लोक जुन्या घाट्या व पाणंदी पुन्हा पायाखाली घालतात. देव ज्या वाटेने गेला ती वाट अडवायची नसते, या समजुतीने कायदा नसतानाही पुष्कळ वाटा शतकानुशतके खुल्या ठेवल्या. वहिवाट, निगा आणि साक्ष या तिन्ही गोष्टी तेथे एकाच समूहाच्या हाती होत्या, आणि नोंदीचे काम लोकांची आठवण करीत होती.

चाकाचे आगमन

१८१२ साली मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि पुढे बेळगावच्या लष्करी छावणीमुळे रामघाटाचे महत्त्व एकाएकी वाढले. १८४४–४५ मध्ये गडकऱ्यांचा, म्हणजे किल्ल्यांवरील वंशपरंपरागत शिबंदीचा, उठाव कोल्हापुरातून सावंतवाडीत पसरला, तेव्हा बंडवाले मनोहरगडासारख्या ठिकाणांवरून आडवाटांनी हालचाल करीत राहिले आणि त्यांच्यापैकी काही जण अखेरीस गोव्यात निसटले. रानातली माहीत नसलेली वाट म्हणजे धोका, ही भावना राज्यकर्त्यांच्या मनात घर करून बसली आणि पुढील काळात मोजक्या, पक्क्या व नजरेखालच्या मार्गांना प्राधान्य मिळाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा, म्हणजेच पारपोलीचा, घाट गाड्यांसाठी बांधला गेला आणि रामघाटाची रहदारी हळूहळू तिकडे वळली. गाडीरस्ता आणि तांड्याची वाट यांच्या रचनेत मूलभूत फरक आहे. तांड्याची वाट डोंगराच्या सोंडेवरून सरळ चढते, तर गाडीरस्ता चढ सौम्य राखण्यासाठी कड्याच्या अंगाने वळणे घेत जातो. त्यामुळे त्याला दरीच्या बाजूस दगडी भिंतीचा आधार लागतो, डोंगराच्या बाजूस चर लागतो आणि प्रत्येक ओढ्याखालून पाणी काढून देणारी मोरी लागते. आंबोलीला वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा पावसात चर पानांनी तुंबला की पाणी रस्त्यावर येते, चाकोरीतून वाहू लागते, खडी उचलते आणि शेवटी दरीकडची भिंत आतून पोखरते. म्हणूनच चाकाची वाट केवळ वापराने टिकत नाही. वापरानेच ती अधिक लवकर खचते. तिची निगा पायवाटेपेक्षा कितीतरी खर्चिक असते आणि तो खर्च उचलणारी कायमची यंत्रणा असावी लागते.

ही यंत्रणा ब्रिटिश मुलखात स्थानिक निधीच्या रूपाने आली. मुंबई इलाख्यातील १८६९च्या कायद्यानुसार शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा उपकर घेऊन तो रस्ते, शाळा आणि तत्सम कामांवर खर्च केला जाऊ लागला. या बदलाचे फायदे निर्विवाद होते, पण त्याबरोबर एक मोठे स्थित्यंतरही घडले. निधी ज्या रस्त्याला मिळेल तो रस्ता, आणि ज्या वाटेला मिळणार नाही ती हळूहळू रान, अशी वाटणी होऊ लागली. १८८०च्या दशकाच्या अखेरीस बेळगाव आणि मुरगाव बंदर कॅसलरॉकमार्गे रेल्वेने जोडले गेले, तेव्हा वेंगुर्ल्याचा घाटमाथ्याशी असलेला व्यापारच ओसरला. रामघाटासारखी वाट कोणी बंद केली नाही. तिच्यावरची रहदारी गेली आणि तिच्याबरोबर तिची काळजी वाहणारेही गेले.

दोन वनव्यवस्था, एक जिल्हा

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला वनाविषयीचे दोन अगदी भिन्न वारसे आले. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले हे भाग जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. तेथे डनलॉप या जिल्हाधिकाऱ्याने १८२४ साली काढलेल्या जाहीरनाम्याने सरकारने झाडांवरील आपला हक्क मोठ्या प्रमाणावर जमीनधारकांच्या नावे सोडून दिला होता. लोकांनी झाडे लावावी आणि जोपासावी हा त्यामागचा हेतू होता. पण मुंबईच्या जळाऊ लाकडाच्या बाजारपेठेने तो पुरा होऊ दिला नाही आणि किनाऱ्यालगतचे डोंगर उघडे पडले. परिणामी त्या भागात शासकीय वन थोडेच उरले. याउलट सावंतवाडी संस्थानाचा कारभार १८३८पासून ब्रिटिश पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या देखरेखीखाली होता, आणि घाटाच्या उतारावरील दाट रान तेथे राज्याचे वन म्हणून राखले गेले. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा ते वन शासनाकडे आले. आज सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील वाटांचा प्रश्न मालवणपेक्षा वेगळा दिसतो, त्याचे मूळ या दुहेरी वारशात आहे.

वनकायद्याने वाटेचे स्वरूप पालटले. १८७८चा आणि त्यानंतरचा १९२७चा भारतीय वन अधिनियम यांनी वनाचे राखीव व संरक्षित असे प्रमुख वर्ग केले. एखादे रान राखीव करायचे ठरले की जाहीरनामा निघतो, वन जमाबंदी अधिकारी, म्हणजे लोकांचे हक्क तपासून निकाली काढणारा अधिकारी, नेमला जातो आणि हक्क सांगण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत दिली जाते. या मुदतीत ज्या हक्काचा दावा झाला नाही तो, पुरेसे कारण दाखवता आले नाही तर, संपुष्टात येतो. राखीव वनाची अंतिम अधिसूचना निघाल्यानंतर वारसा, शासनाने दिलेला हक्क किंवा करार याखेरीज तेथे कोणताही नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही, असे कलम २३ सांगते. कलम २५ने वनाधिकाऱ्यास राज्य शासनाच्या पूर्वमंजुरीने राखीव वनातील कोणतीही सार्वजनिक वा खाजगी वाट बंद करण्याचा अधिकार दिला, मात्र त्यास एक अट घातली : तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट आधीच उपलब्ध असली पाहिजे किंवा वनखात्याने ती करून दिली पाहिजे.

या तरतुदींचा अर्थ खोलवर समजून घेण्यासारखा आहे. गावातल्या वाटेवर माणूस जितका अधिक काळ चालतो तितका त्याचा हक्क बळकट होतो. राखीव वनात तो पिढ्यान्‌पिढ्या चालला तरी अधिसूचनेनंतरच्या चालण्याने हक्क वाढत नाही. ज्या मुलखात साक्षरता विरळ होती आणि वाट ही पाण्यासारखी सर्वांचीच मानली जात होती, तेथे तीन महिन्यांत कचेरीत जाऊन ‘ही आमची वाट’ असा दावा लिहून देणारे किती असणार, याची कल्पना करता येते. रानातून आणायचा पातेरा, म्हणजे गळून पडलेला पाला, शेतात भाजावळीसाठी लागणारा कवळ, जळाऊ फाटी, हिरडा आणि शिकेकाई या सर्वांची वाट एकच होती. वस्तूंवरचे हक्क काही ठिकाणी नोंदले गेले, पण ज्या वाटेने त्या वस्तू घरी यायच्या तिचा उल्लेख मात्र राहून गेला. कलम २५मधील पर्यायी वाटेची अट लोकांच्या बाजूची होती. पण तिचा लाभ घेण्यासाठी मुळात वाट होती हे दाखवावे लागे.

पायवाटेवरून गाडी, गाडीवाटेवरून मोटार

वनाबाहेरच्या वाटांसाठी कायद्याने वेगळी चौकट उभी केली. १८८२चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला. सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा, पाणी नेण्याचा किंवा तत्सम मर्यादित हक्क. वीस वर्षे उघडपणे, शांततेने आणि अखंड वापर झाला तर असा हक्क सिद्ध होतो. जमीन शासनाची असेल तर ही मुदत ३० वर्षांची आहे. शेताकडे जाणारी रूढ वाट कोणी अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानुसार सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३खाली बांधावरून नवी वाटही मागता येते.

याच सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम २८मध्ये एक छोटे वाक्य आहे, ज्याचा आशय असा की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क समाविष्ट होत नाही. पायी जाण्याच्या वहिवाटीतून गाडी नेण्याचा हक्क उपजत नाही आणि बैलगाडीच्या वहिवाटीतून मोटारीचा हक्क आपोआप मिळत नाही. आज रानात वाहन नेण्याविषयी जे वाद होतात, त्यांतील दोन्ही बाजूंनी हे तत्त्व लक्षात ठेवले पाहिजे. ‘आमचे वाडवडील येथून जात होते’ हे विधान खरे असूनही जीप नेण्याचा हक्क सिद्ध करीत नाही. आणि जीपला हक्क नाही म्हणून वाडवडिलांची पायवाटही नाहीशी झाली, असेही होत नाही.

भूमापनाचे गावनकाशे या बाबतीत बोलके आहेत. त्यांत गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी साधारणपणे साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. वाट ज्या भूमापन क्रमांकातून जाते त्यातच तिच्याखालची जमीन पोटखराब म्हणून, म्हणजे लागवडीस अयोग्य म्हणून, गणली जाते. मळलेल्या कागदावरची ही तुटक रेषा म्हणजे कित्येक गावांत वाटेचा एकमेव लेखी पुरावा आहे. ती जेथे वनाच्या हद्दीवर येऊन थांबते, तेथून पुढे वाट होती हे सर्वांना ठाऊक असते, पण दाखवता येत नाही.

जीप, लाकूड आणि वनसंज्ञा

स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली आणि पुढील दोन-तीन दशकांत चारही चाकांना ओढ असलेले हे वाहन वनखाते, बांधकाम खाते आणि पाटबंधारे खाते यांच्या सेवेत सर्वत्र दिसू लागले. लाकडाचे ट्रक, धरणांच्या कामांची अवजड वाहने आणि जांभ्या दगडाच्या चिरेखाणींकडे जाणाऱ्या मालमोटारी यांनी रानात नव्या वाटा पाडल्या. या वाटा वहिवाटीने घडल्या नव्हत्या; त्या कामासाठी केल्या गेल्या आणि काम संपताच सोडून दिल्या गेल्या. त्यांना चर नव्हते, मोऱ्या नव्हत्या आणि निगा राखणारे गावही नव्हते. पावसाने त्यांतील कित्येकांचे ओहोळ केले.

याच काळात कायद्याची पकड घट्ट होत गेली. १९७५च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने खाजगी वने शासनाकडे आणली. १९८०च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमीन वनेतर कामासाठी, म्हणजे नवा रस्ता करण्यासाठीही, वापरायची तर केंद्र शासनाची पूर्वमान्यता आवश्यक केली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वन, असे ठरवले आणि ‘वनसंज्ञा’, म्हणजे जमिनीला लागलेली वन ही संज्ञा, हा शब्द सिंधुदुर्गातील घराघरांत पोहोचला. आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर पद्धतीने समाईक असलेल्या जमिनींचा प्रश्न त्यात गुंतला. वृक्षतोडीला आळा बसणे आवश्यकच होते. घाटाचे जे रान आज उरले आहे त्याचे श्रेय या कायद्यांना दिले पाहिजे. परंतु आधीच नोंद नसलेल्या वाटांवर एकामागून एक कायद्यांचे थर चढले, हेही तितकेच खरे.

याची सर्वांत मोठी झळ घाटाच्या उतारावरील धनगरवाड्यांना बसली. चार-सहा घरांच्या या वस्त्यांना खालच्या गावाशी जोडणारी वाट रानातूनच जाते आणि तेथील आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला आजही काही ठिकाणी डोलीत, म्हणजे बांबूला बांधलेल्या झोळीत, घालून चौघांच्या खांद्यावर रस्त्यापर्यंत आणावे लागते. मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न कुडाळ तालुक्यातील घोटगे–सोनवडे घाटमार्गाच्या आणि आंजिवडे–पाटगाव मार्गाच्या दीर्घ रखडपट्टीत दिसतो. दोन्ही ठिकाणी भुदरगडाकडे चढणाऱ्या वाटा होत्या. रस्त्याची मागणी पिढ्या ओलांडून चालत आली आणि वन व वन्यजीव विषयक परवानग्यांच्या टप्प्यांत अडकत राहिली. रुग्णवाहिकेची गरज आणि गव्याच्या अधिवासाची गरज या दोन्ही खऱ्या असतात, आणि जुन्या वाटांची नोंद असती तर निदान कोणती वाट आधीपासूनची आणि कोणती सर्वस्वी नवी, एवढा निवाडा तरी सुकर झाला असता.

सड्यावरची चाकोरी

३० एप्रिल १९९७ रोजी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली आणि पावसाळ्यातील आंबोली हे महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक या तिन्ही राज्यांतील पर्यटकांचे आवडते ठिकाण झाले. शेजारच्या गोव्यात पावसाळ्यात चिखल आणि ओढे ओलांडणाऱ्या चारचाकी गाड्यांच्या स्पर्धा भरू लागल्या. रस्ता सोडून गाडी हाकण्याचा छंद अशा रीतीने घाटाच्या परिसरात आला. त्यात कौशल्य आहे, साहस आहे आणि दुर्गम भागाची ओढही आहे; तो हीन मानण्याचे कारण नाही. मात्र त्याची जागा कोणती, हे जमिनीकडे पाहूनच ठरवले पाहिजे.

आंबोली आणि चौकुळच्या परिसरातील सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे उघडे पठार, उन्हाळ्यात ओसाड दिसतो. पहिल्या पावसात त्यावरील बोटभर खोलीच्या खळग्यांत पाणी साचते आणि आंबोली टोड नावाने ओळखला जाणारा छोटा बेडूकवर्गीय प्राणी त्या पाण्यात अंडी घालतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी या परिसरातून नव्याने वर्णन केलेली ही जात जगात इतरत्र कोठेही आढळलेली नाही आणि ती नष्ट होण्याच्या अत्यंत जवळ असल्याचे मानले जाते. कातळावर पसरलेला मातीचा पातळ थर आणि त्यावरील गवत एका जड चाकाखाली सोलून निघते. चाकोरी पडली की खळग्यातील पाणी तिच्यातून वाहून जाते आणि अंडी कोरडी पडतात. पायवाटेने सड्याचे जे नुकसान शंभर वर्षांत झाले नाही, ते एखाद्या पावसाळी दिवशी काही गाड्या करू शकतात. सड्यावर गाडीवाट मुळी नव्हतीच. म्हणून तेथे वहिवाटीचा दाखला देता येत नाही, आणि देऊही नये.

संरक्षित क्षेत्रांचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. फोंडा घाट चढून गेल्यावर लागणारे दाजीपूरचे रान १९५८ साली अभयारण्य झाले आणि १९८५मध्ये ते राधानगरी अभयारण्याच्या रूपाने सुमारे ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत विस्तारले. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश नाही, परंतु त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने प्रवास करणाऱ्यास ही बंदी लागू नाही. देवगड–निपाणी मार्गावरून जाणारी गाडी म्हणूनच निर्धोक जाते. तीच गाडी अभयारण्याच्या रानात वळली की गुन्हा घडतो. २०२०पासून तिलारी आणि आंबोली–दोडामार्ग ही क्षेत्रे संवर्धन राखीव म्हणून घोषित झाली. या प्रकारात अभयारण्यासारखी सरसकट प्रवेशबंदी नसते, आणि व्यवस्थापन समितीत संबंधित ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींना कायद्यानेच स्थान असते.

परदेशातील दोन धडे

हा पेच सिंधुदुर्गापुरता नाही. अमेरिकेत १८६६च्या कायद्याने सरकारी जमिनीवरून रस्ता काढण्याचा हक्क उदारपणे दिला होता, पण तो सार्वजनिक प्रयोजनासाठी राखून न ठेवलेल्या जमिनीपुरताच. म्हणजे राखीव झाल्यावर नवी वहिवाट नाही, हे तत्त्व तेथेही होते. तो कायदा १९७६ साली रद्द झाला, मात्र तोवर निर्माण झालेले हक्क शिल्लक राहिले आणि कोणती वाट १९७६पूर्वीची, यावर आजही दावे चालतात. दरम्यान १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने रस्ता सोडून धावणाऱ्या वाहनांसाठी कोणत्या वाटा खुल्या आणि कोणत्या बंद हे ठरवण्याचे बंधन केंद्रीय खात्यांवर आले, आणि २००५च्या नियमाने प्रत्येक राष्ट्रीय वनाने अशा वाटांचा नकाशा प्रसिद्ध करावा व नकाशाबाहेर वाहन नेण्यास मनाई असावी, असे ठरले.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जुन्या घोडागाडीच्या वाटेवर मोटार नेण्याचा हक्क सांगितला जाई, कारण एकदा सार्वजनिक झालेली वाट कायमची सार्वजनिक, असे तेथील जुने तत्त्व आहे. २००६च्या कायद्याने काही अपवाद वगळता नोंद नसलेल्या वाटांवरील मोटारीचा हक्क संपुष्टात आणला. पायी चालणाऱ्यांचा व घोडेस्वारांचा हक्क मात्र अबाधित राहिला. दोन्ही देशांनी अखेरीस नोंदीचाच आधार घेतला, आणि तो घेण्यास उशीर झाल्यामुळे वादांची किंमत मोजली.

नोंदीची संधी

सिंधुदुर्गासाठी नोंदीचे साधन आज उपलब्ध आहे. २००६च्या वनहक्क अधिनियमाने पिढ्यान्‌पिढ्या उपभोगलेले इतर परंपरागत हक्क मान्य करण्याची तरतूद केली, म्हणजे वन अधिसूचनेच्या वेळी तीन महिन्यांच्या मुदतीत जे निसटले ते पुन्हा मांडण्याचा मार्ग मोकळा केला. त्याच अधिनियमाने ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासारख्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची मुभा दिली, मात्र हेक्टरी ७५हून अधिक झाडे त्यासाठी तोडता येत नाहीत. धनगरवाड्याच्या वाटेचा प्रश्न बहुधा या मर्यादेत बसणारा असतो. शेत व पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ साली सुरू केलेली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना वनाबाहेरच्या तुकड्यांना निधी देऊ शकते, आणि संवर्धन राखीव क्षेत्राची व्यवस्थापन समिती वनातील तुकड्यांचा विचार करू शकते.

या साधनांचा उपयोग करताना इतिहासाने दिलेला निकष पुरेसा आहे. ज्या वाटेची पायी वहिवाट आहे ती पायी चालणाऱ्यांसाठी आणि गुरांसाठी नोंदली जावी. जी खरोखर गाडीवाट होती ती गाडीवाट म्हणून नोंदली जावी आणि तिच्यावर मोटार सोडायची तर चर, मोरी व भिंत यांची जबाबदारी कोणाची हे नोंदीतच लिहिले जावे. ज्या जागी वाटच नव्हती तेथे छंदासाठी ती पाडू नये. छंद जोपासणाऱ्यांनीही निगेचा भार उचलण्यास पुढे यावे, कारण फोंडा असो की आंबोली, चाकाची वाट वाहणाऱ्या पाण्यापुढे फुकट टिकलेली नाही.

अजूनही गावोगावी अशी वृद्ध माणसे आहेत ज्यांना रामघाटाचा पाणवठा, हनुमंत घाटातील विसाव्याचा दगड किंवा धनगरवाड्याचा जुना साकव नेमका कोठे होता हे सांगता येते. त्यांना बरोबर घेऊन, गावनकाशा हाती धरून, ग्रामसभेने आणि वनरक्षकाने एकत्र ती वाट चालावी आणि नकाशावरची तुटक रेषा जेथे वनाच्या हद्दीवर थांबते तेथून पुढे ती ओढून घ्यावी. दसऱ्यानंतर, पाऊस सरून झाडोरा वाळू लागला की जुने दगड पुन्हा दिसू लागतात; त्या दिवसांत हे काम सर्वांत सोपे असते.